आधी जुन्या सभासदांना फोन, मग फ्लेक्सचा विचार

पत्र, थोडक्यात आणि ओळख लपवून: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. पत्र लिहिणाऱ्या ताई निवृत्त शिक्षिका असून तिथल्या मानद कार्यवाह आहेत. एके काळी वाचनालयाचे नऊशे सभासद होते, आज नियमित वर्गणी भरणारे 260 उरलेत. वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची साठेक मुलं बसतात, पण ती पुस्तकं घरी नेत नाहीत. एक ग्रंथपाल, एक शिपाई आणि अकरा जणांची कार्यकारिणी. वेळ सकाळी 9 ते 12 आणि दुपारी 4 ते 7, सोमवारी सुट्टी. यंदा पहिल्यांदाच प्रसिद्धीसाठी वर्षाचे 45,000 रुपये वेगळे काढलेत आणि त्यावरून मतं फाटली आहेत. एका सदस्यांना चौकाचौकांत मोठे फ्लेक्स हवेत. दुसऱ्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणची एक एजन्सी सुचवली आहे. ती महिना 12,000 रुपयांत सोशल मीडियावर रोज एक पोस्ट आणि महिन्याला चार रील करून देणार. खजिनदार म्हणतात, त्यापेक्षा पुस्तकं घ्या, वाचणारे आपोआप येतील. ताई विचारतात, "मोबाइलमुळे वाचन सुटलंय, आणि वाचनालय आहे हेच पुष्कळांना ठाऊक नाही. एवढ्याशा पैशांत गावापर्यंत पोचायचं कसं?" जाता जाता त्यांनी असंही लिहिलंय की सोमवारच्या बाजाराला आजूबाजूच्या खेड्यांतली पुष्कळ माणसं गावात येतात, त्यांच्यासाठी काही करता आलं तर फार बरं वाटेल.

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातल्या दोन आकड्यांपाशीच मी थांबले. नऊशे आणि 260. म्हणजे 640 माणसं अशी, की ज्यांनी कधी ना कधी तुमच्याकडे अर्ज भरला, अनामत ठेवली, पिशवीत पुस्तक घालून घरी नेलं. त्यांतली काही आज हयात नसतील. काही मुलांकडे पुण्या-मुंबईला गेली असतील, काही मुली लग्न होऊन गेल्या असतील. पण उरलेली गावातच आहेत आणि वाचनालयासमोरूनच भाजी आणायला जातात. वाचनालय आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, तरी ती पायरी चढत नाहीत.

म्हणून "लोकांना ठाऊक नाही" या तुमच्या वाक्यावर मला पहिली शंका घ्यावीशी वाटते. ठाऊक नसेल तर सांगणं हा उपाय आहे. पण ठाऊक असून माणूस येत नसेल, तर तेच मोठ्यानं सांगून काही बदलत नाही. फ्लेक्स लावा नाहीतर रील करा, दोन्हींतून निरोप एकच जातो: "आम्ही आहोत." या 640 जणांना तो निरोप नको आहे.

मोबाइलनं वाचनाचा वेळ खाल्ला, हे खरं आहे. पण सगळा दोष त्याच्यावर टाकला की आपल्या हातात करण्यासारखं काही उरत नाही, आणि मला ते मान्य नाही. तुमच्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर साठ तरुण मुलं रोज तासन् तास पुस्तकात डोकं घालून बसतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं 2009 साली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. देणगीदारांच्या पैशांतून पुस्तकांच्या पेट्या भरायच्या आणि जिथे वाचणारी माणसं आहेत तिथे त्या नेऊन ठेवायच्या, एवढी साधी कल्पना. त्या पेट्या सोसायट्यांमध्ये गेल्या, तुरुंगांत गेल्या, दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी माणसांपर्यंत गेल्या. स्मार्टफोन घराघरांत शिरले ती हीच वर्षं. पुस्तक हाताच्या अंतरावर आलं तेव्हा मोबाइल असूनही लोकांनी ते उघडलं.

मग जुने सभासद का सुटले? ते त्यांनाच विचारायला हवं, आणि त्याला फोनच्या बिलापलीकडे पैसा लागत नाही. पण गेली काही वर्षं वाचनालयांच्या कार्यकारिणीतल्या लोकांशी बोलताना एक कारण मला फार वेळा ऐकू आलंय, आणि फ्लेक्स लावणाऱ्यांच्या ते गावीही नसतं. ते कारण म्हणजे संकोच. घरात आजारपण निघतं, दोन महिने वर्गणी राहते, एक पुस्तक कपाटावर पडून असतं. तिसऱ्या महिन्यात वाटतं, आता गेलं तर किती दंड सांगतील? सहाव्या महिन्यात वाटतं, आता कुठल्या तोंडानं जायचं? माणसाचं वाचनावरचं प्रेम आटलेलं नसतं. ग्रंथपालांच्या टेबलासमोर उभं राहण्याची लाज वाटते, एवढंच.

यावर उपाय तुमच्या कार्यकारिणीच्या हातात आहे. एक ठराव करा: अमुक तारखेपासून पंधरा दिवस थकलेली वर्गणी आणि दंड माफ, राहिलेलं पुस्तक आणून द्या, कुणी काही विचारणार नाही. किती रक्कम सोडतोय हे ठरावात लिहा, हिशेब तपासनिसांना आधी विचारून घ्या आणि वार्षिक सभेत वाचून दाखवा, म्हणजे पुढे कुणी बोट ठेवणार नाही. खजिनदारांना हे जड जाईल. पण त्यांनी ही थकबाकी गेल्या पाच वर्षांत किती वसूल झाली ते एकदा काढून पाहावं. जी रक्कम येणारच नाही ती सोडून दिली, तर त्या बदल्यात माणूस परत मिळतो आणि अडकलेलं पुस्तकही कपाटात येतं.

दुसरी गोष्ट अनामतीची. सभासदाची अनामत ही त्याची रक्कम आहे. ती तुमच्या ताळेबंदात देणं म्हणूनच दिसत असेल. सुटलेल्या सभासदांपैकी बहुतेकांना ती आठवतही नसेल. तेव्हा फोनवर पहिलं वाक्य हेच असू दे: "तुमची अमुक रुपये अनामत आमच्याकडे जमा आहे. हवी असेल तर परत नेऊ शकता, नाहीतर तिच्यावरच खातं पुन्हा सुरू करून देतो." असा फोन आला की समोरच्याला संस्थेचा विश्वास वाटतो. काही जण अनामत परत मागतील. ती त्याच आठवड्यात, हसतमुखानं द्या. पैसे घेऊन जाणारा माणूसही घरी आणि शेजारी चांगलंच बोलेल.

दुसरं वाक्य प्रश्नाचं: "तुम्ही काय वाचत होतात? येणं का राहिलं?" आणि मग ऐकून घ्या. वर्गणीचा विषय तिसऱ्या वाक्याच्या आधी काढूच नका. उत्तर एका वहीत त्यांच्याच शब्दांत लिहा. हे फोन ग्रंथपालांवर ढकलू नका, त्यांच्याकडे आधीच दोन माणसांचं काम आहे. कार्यकारिणीत अकरा जण आहात. प्रत्येकानं आठवड्याला पाच फोन केले तर बारा आठवड्यांच्या आत 640 नावांची यादी संपते. ज्यांना आठवड्याला पाच फोनही जमणार नाहीत, त्यांना फ्लेक्सवर फोटो हवा असेल तर तो का हवा, हे कार्यकारिणीनं शांतपणे विचारायला हवं.

आता वेळेबद्दल. सकाळी 9 ते 12 आणि दुपारी 4 ते 7. या वेळेत नोकरदार माणूस कधी येणार? बँकेतली मुलगी साडेसहा-सातला सुटते. दुकानदार आठ वाजता शटर ओढतो. मुलांना शाळेतून आणून पुन्हा शिकवणीला सोडणाऱ्या आईला साडेसातनंतर श्वास घ्यायला मिळतो. तुमची वेळ निवृत्तांना आणि गृहिणींना सोयीची आहे, आणि तुमच्या 260 जणांत बहुतेक तेच असतील असा माझा अंदाज आहे. रजिस्टर उघडून पडताळून पाहा.

शिवाय ताई, तुमच्या पत्रात दोन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी आल्यात. बाजार सोमवारी आणि वाचनालयाची सुट्टीही सोमवारी. खेड्यांतली माणसं ज्या एका दिवशी हमखास गावात येतात, त्याच दिवशी तुमचं दार बंद असतं. ही सुट्टी कुणी, कधी, का ठरवली हे आज कुणाला आठवतही नसेल. ती मंगळवारी नेली तर एक रुपयाही न खर्चता तुम्ही तालुक्यातल्या खेड्यांच्या जवळ जाता. बदल करताना ग्रंथपाल आणि शिपाई या दोघांना आधी विश्वासात घ्या, आणि वेळ व सुट्टी बदलल्याचं जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाला लेखी कळवा. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयांसाठी पाच सूत्रं मांडली. त्यांतलं पहिलं अगदी साधं: पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. ते समजावताना त्यांनी ग्रंथालय कुठे आहे, किती वेळ उघडं असतं, बसायची सोय कशी आहे, याच गोष्टींचा विचार केलाय. प्रसिद्धीच्या बैठकीत या गोष्टी कुणी काढत नाही, कारण त्या प्रसिद्धी वाटत नाहीत. माझ्या मते तुमच्या 45,000 मधला सगळ्यात मोठा वाटा इथेच जायला हवा. आठवड्यातून तीन दिवस वाचनालय रात्री 9 पर्यंत उघडं ठेवा आणि त्या जादा वेळेचा मोबदला ग्रंथपालांना किंवा अभ्यासिकेतल्या एखाद्या होतकरू मुलाला द्या. महिना 1,500 धरले तर वर्षाचे 18,000.

वर बसणाऱ्या साठ जणांबद्दल थोडं. "ती पुस्तकं नेत नाहीत" हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. नेणार कशी? परीक्षेच्या ताणात कादंबरी हातात धरली तरी त्यांना अपराधी वाटतं. पण ही मुलं रोज तुमच्या छताखाली येतात, आणि त्यांतली पुष्कळ आजूबाजूच्या खेड्यांतली असणार. त्यांच्या घरी आई आहे, आजी आहे, पाचवीतली बहीण आहे. अभ्यासिकेच्या शुल्कातच घरच्यांसाठी एक पुस्तक नेण्याची सोय जोडून द्या. मुलगा रात्री घरी जाताना आईसाठी पुस्तक घेऊन जाईल. गावात शिरायचा याहून स्वस्त रस्ता मला तरी दिसत नाही.

आणि दिवाळी अंक! ही आपल्या वाचनालयांची खास परंपरा आहे. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या दिवाळीला फराळासोबत अंक लागतोच. आज अंकांच्या किमती अशा आहेत की घरात दोन घेतले तरी खिशाला कळतं. वाचनालयानं चाळीस-पन्नास अंक घ्यायचे, ठरावीक शुल्क घ्यायचं, आणि संक्रांतीपर्यंत किंवा जानेवारीअखेर हवे तेवढे बदलून न्या म्हणायचं. ही योजना पुष्कळ वाचनालयं चालवतात, तुम्हीही चालवत असाल. त्यातून अंकांचा खर्च बऱ्यापैकी निघतो, म्हणून ती खजिनदारांनाही आवडते. पण बहुतेक ठिकाणी एक चूक होते. योजना संपते तेव्हा त्या वाचकाला कुणी काही म्हणत नाही. दोन-तीन महिने जो माणूस दर चार दिवसांनी येत होता, तो शेवटचा अंक टेबलावर ठेवून निघून जातो.

तिथेच त्याला थांबवायचं. जानेवारीच्या मध्यापासून ग्रंथपालांनी प्रत्येकाला विचारावं, "यंदा कुठला लेखक आवडला?" आणि त्या लेखकाचं पुस्तक हातात ठेवावं. "हे घेऊन जा, वर्गणीचं पुढच्या वेळी बघू." ज्याला वाचायची सवय नुकतीच पुन्हा लागलीय त्याला सभासद करणं, अनोळखी माणसाला रील दाखवून सभासद करण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. म्हणून माफीचा पंधरवडा दिवाळीच्या लगेच आधी ठेवा. फोन झालेत, संकोच गेलाय आणि दारात नवे अंक आलेत, असा सगळा मेळ जमू द्या.

खजिनदारांचं म्हणणं मी अर्धं मानते. नवी पुस्तकं नसतील तर आलेला माणूस टिकणार नाही. पण पुस्तकं घेतली म्हणून वाचणारे आपोआप येत नाहीत. काचेच्या कपाटात, कण्याकडून दिसणारं, दाखल क्रमांकाची चिठ्ठी डकवलेलं नवं पुस्तक वर्षभर कुणाच्या नजरेस पडत नाही. दारातून आत आल्या आल्या एक साधी फळी ठोकून घ्या आणि दहा-बारा नवी पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून ठेवा, दर आठवड्याला बदला. शेजारी मागणीची वही ठेवा. ज्यानं मागितलं त्याच्यासाठी पुस्तक आणलं, तर ते आलं की त्यालाच पहिला फोन जायला हवा. पुस्तक खरेदी तुम्हाला अनुदानाच्या रकमेतून करावीच लागते, तेव्हा प्रसिद्धीचे पैसे त्यात मिसळू नका. खरेदीची यादी मात्र वाचकांना विचारून करा.

मोबाइलकडे वळते. तो वैरी आहे असं तुम्ही धरलंय, पण तुमच्या कामाचं एक फुकटचं साधन तोच आहे. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप मोफत आहे. वाचनालयासाठी वेगळा नंबर घ्या, त्यात वेळा आणि पत्ता भरा, सुट्टीच्या दिवशी आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवा. ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये आठवड्याभरात शुभ सकाळचे संदेश सुरू होतात आणि माणसं तो गप्प करून ठेवतात. त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत 256 जण बसतात आणि संदेश प्रत्येकाला स्वतंत्र मिळतो. मात्र ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच तो पोचतो. म्हणून सभासद टेबलापाशी उभा असतानाच त्याच्याकडून नंबर साठवून घ्या, आणि संदेश पाठवले तर चालतील का हेही विचारा. न विचारता कुणाचा नंबर यादीत घालू नका.

पाठवायचं काय? आठवड्यातून एकच संदेश, शनिवारी सकाळी. एका पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो आणि ग्रंथपालांच्या स्वतःच्या शब्दांत तीन ओळी: कशाबद्दल आहे, कुणाला आवडेल, आणि "आत्ता कपाटात आहे, ठेवून देऊ का?" या शेवटच्या प्रश्नासाठी सगळा खटाटोप. उत्तर आलं की पुस्तकात नावाची चिठ्ठी घालून बाजूला ठेवा. रंगनाथनांचं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचं आहे, ते इतक्या सहज पाळता येतं. आणि एक पथ्य: कुणीतरी पाठवलेल्या पुस्तकाच्या पीडीएफ पुढे ढकलू नका. लेखक आणि प्रकाशक यांच्या जिवावर वाचनालय उभं असतं, त्यांचं नुकसान आपल्या हातून होता कामा नये.

गूगल मॅप्सवर वाचनालयाची नोंद बघा. फोन नंबर जुना, वेळ चुकीची, फोटो नाही, अशीच बहुधा असेल. ती आपल्या ताब्यात घ्यायला पैसे पडत नाहीत, पडताळणीसाठी बहुतेक वेळा जागेचा छोटा व्हिडिओ मागतात. नाव मराठीत आणि रोमन अक्षरांत, दोन्ही शोधून सापडेल असं भरा. गावात बदलीवर नव्यानं आलेलं कुटुंब वाचनालय फोनवरच शोधतं. खरोखर ठाऊक नसलेली माणसं ही, आणि ती इथे भेटतात.

एजन्सीचं गणित तुम्हीच मांडून पाहा. महिना 12,000 म्हणजे तुमचे 45,000 पावणेचार महिन्यांत संपतात. त्यानंतर रोजची पोस्ट थांबते, आणि मध्येच थांबलेलं पान बघून माणसाला वाटतं संस्थाच बंद पडली. एजन्सी वाईट आहे असं मी म्हणत नाही. कपड्याच्या दुकानाला, नव्या हॉटेलला तिचा उपयोग होतो, कारण तिथे अनोळखी गिऱ्हाईक लागतं. तुम्हाला ओळखीचा माणूस परत हवा आहे. कुणी म्हणेल, सेवाभावी संस्थांना गूगलवर जाहिराती फुकट मिळतात. पात्र संस्थांना दरमहा 10,000 डॉलरपर्यंत शोध-जाहिरातींची सवलत मिळते, हे खरं आहे. पण त्यासाठी चांगली वेबसाइट लागते आणि सतत लक्ष घालणारं माणूस लागतं. राज्यभर किंवा देशभर काम असलेल्या संस्थांनी तिचा जरूर विचार करावा. एका गावाच्या वाचनालयानं त्यात आपल्या ग्रंथपालांचा वेळ घालू नये.

फ्लेक्सबाबत मी जरा कडक बोलणार आहे. परवानगीशिवाय सार्वजनिक जागी फलक लावणं हा 1995 च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे, आणि उच्च न्यायालयानं बेकायदा फलकांवरून महापालिका-नगरपालिकांना वारंवार फटकारलंय. वाचनालयानं त्या गर्दीत आपला एक फलक वाढवू नये. त्यावर कुणाचे फोटो घालायचे यावरून कार्यकारिणीत जो वाद होईल, तो तर वर्ष खाईल. त्याऐवजी स्वतःच्या इमारतीवरची पाटी नीट करा. अक्षरं रस्त्यावरून वाचता यावीत, रात्री दिवा असावा, वेळा ठळक असाव्यात आणि खाली एक ओळ: "आत येऊन पुस्तकं पाहायला सभासद असावं लागत नाही." पुष्कळांना ही भीती असते.

वर्तमानपत्रांबद्दलही सांगते. आपल्या संस्थांच्या बातम्या "कार्यक्रम उत्साहात संपन्न" या मथळ्याखाली येतात, त्यात दीपप्रज्वलन, सत्कार आणि उपस्थितांची नावं असतात. कार्यक्रम झाल्यावर आलेल्या बातमीनं कुणीही येऊ शकत नाही. तालुका वार्ताहरांना आठ दिवस आधी सहा ओळी द्या: काय, कधी, कुठे, कुणासाठी, फुकट की शुल्क, फोन नंबर. माफीचा पंधरवडा ही खरी बातमी आहे, ती ते आनंदानं छापतील. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जरूर साजरे करा, पण त्या दिवशी प्रत्येक शाळा-महाविद्यालयाचा कार्यक्रम असतो. तुमची गर्दी त्यात वाटली जाते. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी तासभर पाच माणसांनी आपण वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलणं, हे साधं आणि बिनखर्चाचं आहे, आणि तारीख लोकांच्या लक्षात बसते. व्याख्यानमाला असेल तर सभागृहाच्या दारात टेबल टाका, वक्त्यांची पुस्तकं मांडा, अर्ज तिथेच भरून घ्या. श्रोते टाळ्या वाजवून घरी गेले आणि सभासद एकही झाला नाही, हे आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललंय.

खेड्यांसाठी पेटी करा. पन्नास पुस्तकांची एक पेटी, अशा दोन. सोमवारी बाजाराला येणारा एखादा शिक्षक, बचत गटाची अध्यक्ष किंवा अंगणवाडी सेविका ती घेऊन जाईल आणि दोन महिन्यांनी बदलून नेईल. कुणाकडे आहे त्याची सही वहीत. पेटीवर तुमच्या वाचनालयाचं नाव मोठ्या अक्षरात. पहिल्या दोन आपल्या पैशांतून करा, पुढच्या पेट्यांचा खर्च गावातून बाहेर गेलेली माणसं आनंदानं देतील, फक्त त्यांना "मदत करा" असं मोघम सांगू नका, "तुमच्या आईच्या नावानं अमुक गावासाठी एक पेटी, एवढा खर्च" असं सांगा. परदेशातून पैसे येणार असतील तर एवढं पाहा: भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीनं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरली जात नाही, पण ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्यांची देणगी एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखालच्या, नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. ओळखीतला माणूस आहे म्हणून यात सूट घेऊ नका.

म्हणजे पैसे असे जातील: जादा वेळेचे 18,000, दिवाळी अंकांचे 10,000 (यातले बरेच परत येतील), पाटी आणि दिव्याचे 6,000, दोन पेट्यांचे 5,000, माफीची पत्रकं आणि पुस्तकात घालायच्या वेळांच्या खूणचिठ्ठ्या 3,000, आणि 3,000 हातात राखून. त्या राखलेल्यातून हवं तर मे महिन्यात बालविभागाच्या सुट्टी योजनेसाठी फेसबुकवर गावाच्या आसपासपुरती एक छोटी जाहिरात करून बघा. ज्या सदस्यांना एजन्सी हवी होती त्यांच्याकडेच ते काम द्या. त्यांची तळमळ खरी आहे, ती वाया जाऊ नये.

वाचनालय नसलेल्या, पण अशाच पेचात असलेल्या संस्थांची पत्रंही माझ्याकडे येतात. हौशी नाट्यसंस्था, वृद्धाश्रम, संगीत वर्ग, गावची व्यायामशाळा. त्यांनाही मी हेच विचारते की आधी तुमच्याकडे येऊन गेलेल्यांची वही कुठे आहे? नाट्यसंस्थेकडे जुन्या देणगी प्रवेशिकांची यादी असते, वृद्धाश्रमाकडे पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती, संगीत वर्गाकडे परीक्षेला बसलेल्या मुलांचे अर्ज. ती माणसं का आली होती आणि का थांबली हे कळल्याशिवाय पोस्टर छापायला देऊ नका.

ताई, एक काम मात्र उद्याच करा. सभासद अर्जावर एक रकाना वाढवा: "वाचनालयाकडे कसे वळलात?" फोन, माफीची बातमी, दिवाळी अंक, अभ्यासिकेतला मुलगा, मॅप्स, पाटी, पेटी, फेसबुक, शेजारीण, जे असेल ते. परत आलेल्या जुन्या सभासदांचंही तसंच लिहून घ्या. मार्चमध्ये पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी कार्यकारिणी बसेल तेव्हा तो रकाना आणि फोनची वही टेबलावर ठेवा, फ्लेक्सवाल्या सदस्यांनाच ती मोठ्यानं वाचायला सांगा, आणि पुढची रक्कम त्यावरून ठरवा.